चारचाकीचे ब्रेक : डिस्क, पॅड व ऑइल यांविषयी थोडेसे



उसाची लागण, खोडव्याची निगा आणि हुमणीचा बंदोबस्त यांवर आम्ही या पत्रिकेतून पुष्कळ लिहिले. या वेळचा विषय निराळा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने मोटारीच्या ब्रेकवर का लिहावे, असे कोणी विचारील तर ते साहजिकच आहे. पण गेल्या काही वर्षांत गटाच्या बैठकीला गेले म्हणजे जिथे पूर्वी सायकली आणि राजदूत लागत, तिथे आता चारचाक्यांची रांग दिसते. त्यातल्या निम्म्या गाड्या जुन्या घेतलेल्या असतात आणि सकाळी शेतरस्त्यावर, दुपारी तालुक्याला व लग्नसराईत घाट ओलांडून सेंधव्या-इंदूरपर्यंत पळतात. ऊस जसा दरवर्षी डोळ्यांसमोर वाढतो तसे गाडीचे ब्रेक दिसत नाहीत, म्हणून त्यांची आठवण कोणाला येत नाही.

आणि आपला तालुका तरी कुठे वसला आहे? मुंबई–आग्रा महामार्गाच्या ऐन कडेला, सातपुड्याचा उतार संपतो तिथे. मंगळवार, दि. ४ जुलै २०२३ चा पळासनेरचा प्रसंग आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले, त्याने पुढच्या वाहनांना उडवले आणि तो बसथांब्याजवळच्या हॉटेलात शिरला. बसची वाट पाहत उभी असलेली माणसेही त्यात सापडली. किमान दहा जीव गेले, वीसहून अधिक जखमी झाले. त्या कंटेनरचे ब्रेक हवेचे आणि आपल्या मोटारीचे तेलाचे, हे खरे. पण उतारावर दोघांचाही वैरी एकच, उष्णता.

पळासनेरच्या आधी असा अनुभव आमच्याही वाट्याला आला होता. वैशाखातले लग्न उरकून सेंधव्याहून आम्ही परत येत होतो. गाडीत पाच माणसे, मागे सामान, पुढे रांगणारा ट्रक. बिजासन घाटात गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून आम्ही पाय ब्रेकवर नुसता टेकवून उतरत होतो. जळक्या रबरासारखा वास आला तो ट्रकचा असेल असे वाटले. शेवटच्या वळणाअगोदर पेडल दाबले तर ते लोण्यासारखे मऊ लागले, दुसऱ्यांदा दाबले तर थेट तळाला गेले! दोन-चार वेळा भराभर पंप मारून थोडा ब्रेक लागला, गाडी तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर घेतली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डाव्या कडेच्या मुरुमात गाडी उभी केली. घरची मंडळी बिजासनी मातेचे नाव घेत खाली उतरली.

पुढची गंमत अशी की अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पहिल्यासारखे कडक झाले, जणू काही घडलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात दाखवले तर कारागीर चक्कर मारून आला आणि म्हणाला, “साहेब, ब्रेक एक नंबर आहे.” त्याचेही चुकले नाही, थंड गाडीत ब्रेक एक नंबरच होता. दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने ऑइलच्या डबीत पेनासारखे एक यंत्र बुडवले आणि लाल दिवा दाखवला. ऑइल उकळलेल्या चहासारखे काळे झाले होते. गाडी घेतल्यापासून सात वर्षांत ते एकदाही बदललेले नव्हते, वरच्यावर भर घातलेली तेवढी.

हे कसे घडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. आपण पेडल दाबतो तेव्हा त्या दाबाने मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकापर्यंत ढकलले जाते आणि तिथला पिस्टन पॅडला डिस्कवर आवळतो. तेल दाबले तरी आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकाला पोचतो. हवा किंवा वाफ मात्र आक्रसते. तेल उकळून नळीत वाफेचा एक बुडबुडा जरी झाला तरी पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच संपतो, पॅडपर्यंत काही जात नाही. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल परत येते आणि पुरावा नाहीसा होतो.

तेल उकळते ते त्यात शिरलेल्या पाण्यामुळे. ब्रेकचे नेहमीचे तेल हवेतली ओल पिते. रबरी नळ्यांतून, झाकणातून, पावसाळ्यात तर अधिकच. गुऱ्हाळावर बसलेल्या माणसाला हे पटकन समजेल. काहिलीत रस शंभर अंशांच्या थोडा वर उकळू लागतो, पाणी उडत जाते तसतशी उकळी वर चढत जाते आणि गूळ उतरवताना ती एकशे सोळा-सतरा अंशांच्या आसपास असते. ब्रेक ऑइलचे नेमके उलटे. त्यात पाणी शिरत जाते तसतशी उकळी खाली येते. डॉट ३ नावाचे ऑइल कोरे असताना किमान २०५ अंशांना उकळते, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की १४० वर येते. डॉट ४ चे कोरे २३० आणि ओले १५५, डॉट ५.१ चे कोरे २६० आणि ओले १८०. हे किमान आकडे ठरवून दिलेले आहेत, चांगल्या कंपन्यांचे ऑइल याहून सरस असू शकते. शंभर भागांत चार भागही पाणी नाही आणि ६५ ते ८० अंशांचा फरक पडतो. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी कमी पळालेली असली तरी. ऑइल किलोमीटरने नव्हे, पावसाळ्यांनी म्हातारे होते.

आता घाटात किती उष्णता निघते त्याचा हिशेब पाहा. बाराशे किलोची गाडी ताशी ८० च्या वेगातून जाग्यावर उभी केली तर सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. तीच गाडी ४० च्या वेगात असेल तर ७५, म्हणजे वेग निम्मा आणि उष्णता चौथाई. पुढच्या दोन डिस्क मिळून दहा किलो लोखंड धरले आणि सत्तर टक्के काम पुढच्या चाकांनी केले असे मानले, तर ८० वरून एकदा थांबल्याने त्या डिस्क साधारण ४५ अंशांनी तापतात. सपाट रस्त्यावर पुढे वारा लागून त्या निवतात. घाटात मात्र गाडी उंचीने १०० मीटर खाली आली आणि सारा भार ब्रेकवरच टाकला, तर ते ८० वरून चार वेळा थांबल्यासारखे होते, आणि मध्ये निवायला उसंत नाही. घाट दोनशे-तीनशे मीटरचा असेल तर गुणाकार आपणच करावा. त्यात पाच माणसे आणि तांदळाची दोन पोती म्हणजे आकडा आणखी वाढला, डिस्क मात्र तेवढीच राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बरेच तरुण सभासद, त्यात मुलांना गाडीचा शौक असलेले जास्त, विचारतात की ब्रेक ‘वाढवून’ घ्यावेत का, म्हणजे मोठी डिस्क, भोके पाडलेली डिस्क, रेसिंगचे पॅड वगैरे. आणि दुसरीकडे आमचे एक वडीलधारे सभासद आहेत, त्यांचे म्हणणे एकच : “बिरेक लागस ना भाऊ, मंग कसाले खर्चा कराना?” आमचे मत दोघांच्या मध्ये आहे. सुधारणा करावी, पण ती योग्य क्रमाने. जमिनीचा कस न पाहता कोणी महागडे विद्राव्य खत ओतत नाही, तसेच हेही.

पहिला नंबर ऑइलचा. डॉट ३ असलेल्या बहुतेक गाड्यांत डॉट ४ चालते, तरी झाकणावर काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे. रोजच्या वापराला डॉट ४ पुरेसे आहे. एक खबरदारी मात्र फार महत्त्वाची. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावे जुळ्या भावांसारखी असली तरी वस्तू वेगवेगळ्या आहेत. ५.१ हे ३ व ४ च्याच जातीचे, तर ५ हे सिलिकॉनचे, आणि ते यांच्यात मिसळत नाही. बेण्याच्या नंबरात एका आकड्याची चूक झाली की शेतात काय उगवते हे आपणास सांगायला नको. तसेच ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल कधीही घालू नये. रबरी सीले फुगतात आणि सारी यंत्रणा बदलावी लागते. एक ट्रॅक्टर घरात असला की एकच कॅन सगळीकडे फिरतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

ऑइल बदलणे म्हणजे डबीतले काढून वर नवे ओतणे नव्हे. चारही चाकांच्या निपलमधून जुने काळे ऑइल बाहेर पडून नवे स्वच्छ दिसेपर्यंत काढावे लागते. त्याला अर्धा ते एक लिटर लागते आणि अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या एका गोणीच्या आसपास पडते. बाटली सीलबंदच घ्यावी. फोडून सहा महिने गॅरेजच्या फळीवर पडलेले ऑइल कोरे राहिलेले नसते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत (आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे आहे) हे काम करताना संगणक लावून आतला पंप फिरवावा लागतो, तशी सोय आहे का ते आधी विचारावे. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो. आणि निघालेले जुने ऑइल बांधावर ओतू नये.

दुसरा नंबर पॅडचा. पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. नवा असताना तो साधारण १० मिलिमीटर असतो. तीनवर आला की बदलावा. पुष्कळ पॅडना एक पत्र्याची जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. ती किंचाळी रेडिओचा आवाज वाढवून दाबू नये. डबीतले ऑइल हळूहळू खाली जाते त्याचेही एक कारण हेच असते. पॅड झिजला की पिस्टन पुढे सरकतो आणि त्यामागे तेल भरते. तेव्हा नुसती भर घालण्याआधी पॅड पाहावेत. पातळी अचानक उतरली तर मात्र गळती आहे असे समजावे.

पॅडचे प्रकार पाहू. साधे सेंद्रिय मसाल्याचे पॅड मऊ, शांत आणि डिस्कला सोसणारे, पण फार तापले की पकड सोडतात. लोहमिश्रित पॅड उष्णता जास्त सोसतात, थोडा आवाज करतात, रिमवर काळी पूड टाकतात आणि डिस्क जरा जास्त खातात. सिरॅमिक महाग, स्वच्छ व शांत. घाटात वारंवार जाणाऱ्याने चांगल्या कंपनीचे लोहमिश्रित किंवा सिरॅमिक घ्यावेत. रेसिंगच्या पॅडचे काय? ते तापल्यावर चांगले लागतात, थंड असताना नव्हे. शर्यतीच्या गाडीला ते ठीक आहे. आपली गाडी सकाळी खळ्यातून निघते आणि पहिल्याच वळणावर वासरू आडवे येते. तिथे पॅड तापण्याची वाट कोण पाहणार? पॅड नेहमी जोडीने, एका आसाच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. आणि पक्क्या बिलावर घ्यावेत. नक्कल मालाचा मसाला पाटीपासून सुटल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरा नंबर डिस्कचा. पूर्वी अँबॅसिडर आणि फियाट-पद्मिनी चारही चाकांना ड्रम घेऊन धावत. ड्रमची उष्णता आत कोंडते, डिस्क उघड्यावर वारा खाते, हा मुख्य भेद. १९५३ साली फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हापासून जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. आपल्या बहुतेक गाड्यांना आज पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात.

डिस्क कधी बदलावी? तिच्यावर किंवा कंपनीच्या पुस्तकात किमान जाडी दिलेली असते. समजा नवी २२ मिलिमीटरची असेल तर किमान २० असते, म्हणजे झिजायला दोनच मिलिमीटर. कडेला नख अडकेल असा कंगोरा झाला की कॅलिपरने मोजून घ्यावी. पातळ झालेली डिस्क कमी लोखंडाची, म्हणून तेवढ्याच उष्णतेने जास्त तापते. लेथवर घासून सरळ करून देतो असे कोणी म्हटले तर घासल्यानंतर किती जाडी उरेल ते आधी विचारावे.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते, त्याला ‘डिस्क वाकली’ असे म्हणतात. बहुधा ती वाकलेली नसते. तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरल्याने त्याचा मसाला तिथे चिकटतो किंवा डिस्क सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जाडीत बारीक फरक पडतो. पंक्चरवाल्याने हवेच्या गनने नट कमी-जास्त आवळले तरी ही कुरकूर सुरू होऊ शकते. नट तिरकस क्रमाने, पान्याने आवळून घ्यावेत. घाट उतरून आल्याबरोबर चाकांवर गार पाण्याचा फवारा मारण्याची सवयही सोडावी.

भोकाची डिस्क दिसायला झोकदार. पण भोकांच्या कडेने तिला तडे जातात, आणि भोके पाडली तेवढे उष्णता साठवणारे लोखंडही कमी होते. चिरा पाडलेली त्यापेक्षा बरी, पण ती पॅड लवकर खाते. रोजच्या गाडीला कंपनीच्या मापाची, चांगल्या ओतीव लोखंडाची साधी डिस्क बसवावी. मूळची आत वारा खेळणारी पोकळ असेल तर पोकळच. मोठ्या मापाची डिस्क बसवायची तर कॅलिपर बदलावा लागतो, रिममध्ये जागा लागते, पुढच्या-मागच्या चाकांची ब्रेकची वाटणी बिघडते आणि एबीएसचे गणितही चुकू शकते. शिवाय, मोठ्या डिस्कने गाडी लवकर थांबते हा समज बराचसा चुकीचा आहे. एका झटक्यात चाक अडवण्याइतका जोर साध्या ब्रेकमध्येही असतो, पुढे गाडी थांबवतो तो टायर. मोठ्या डिस्कचा फायदा पुन्हा पुन्हा ब्रेक मारताना, उष्णता सोसण्यात असतो. गुळगुळीत टायरवर हजारो रुपयांची डिस्क बसवणे म्हणजे फुटक्या पाटाला नवा पंप जोडणे होय.

नवे पॅड किंवा डिस्क बसवल्यावर ते एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. गॅरेजवाले हे सहसा सांगत नाहीत. पहाटे मोकळा रस्ता पाहून गाडी ताशी ५० वर न्यावी, मध्यम दाबाने १० पर्यंत आणावी, पूर्ण थांबू नये, पुन्हा अर्धा किलोमीटर चालवून निवू द्यावी. असे वीसेक वेळा करावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि करकचून ब्रेक दोन्ही टाळावेत. पॅड बसवून झाल्यावर जागेवरून हलण्यापूर्वी पेडल चार-पाचदा दाबून कडक करून घ्यावे. हे न करता गॅरेजची भिंत पाडलेली मंडळी आहेत.

मागच्या ड्रमकडेही दुर्लक्ष नको. शेतरस्त्याची फुफाटा धूळ आणि पावसातला चिखल ड्रममध्ये साठतो, हँडब्रेकची तार गंजून अडकते. वर्षातून एकदा ते उघडून साफ करावेत. आमचा त्या दिवशीचा निम्मा जीव हँडब्रेकने वाचवला. पाण्यातून, फरशीवरून गाडी काढली की पुढे थोडे अंतर पेडल हलके दाबून ब्रेक सुकवावेत.

राहिली चालवण्याची रीत. जुने ड्रायव्हर म्हणत, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. ते आजही तितकेच खरे आहे. उतारावर भार इंजिनाने सोसावा, ब्रेक अधूनमधून दाबून वेग उतरवावा आणि पूर्ण सोडून द्यावा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. सतत पाय टेकवून उतरणे ही आम्ही केलेली चूक. त्याहून वाईट म्हणजे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंधन बहुतेक बंदच होते, तेव्हा न्यूट्रलमध्ये वाचत काही नाही. आणि चावी बंद केली तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखे होते, शिवाय स्टिअरिंग अडकण्याचा धोका वेगळाच. पेडल मऊ लागले की तिथेच थांबावे, अर्धा तास निवू द्यावे आणि नंतर पेडल कडक लागले तरी घरी येऊन ऑइल बदलावे. कन्नडचा घाट असो, तोरणमाळचा असो की आपला बिजासन, रीत हीच.

यंदा लग्नसराईपूर्वी आम्ही ऑइल तपासायचे ते पेनासारखे यंत्र गट कार्यालयात ठेवणार आहोत. बैठकीला येताना गाडी घेऊन यावी, बॉनेट उघडून पाच मिनिटांत काम होते. उसाच्या ट्रॉलीचे ब्रेक, किंबहुना बऱ्याच ट्रॉल्यांना ते नसणे, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्यावर पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते